मेडिकल बुकातले चार डोळे

माझा धाकटा भाऊ वीसेक वर्षं दुसऱ्यांच्या औषधपाण्यासाठी जेलच्या दारात उभा राहिला. त्याच्या स्वतःवर वेळ आली, तेव्हा त्याच्यासाठी उभा राहायला मी होतो. यात नशीब किती आणि मी किती, एवढंच सांगायला बसलो आहे.

मी भिलाईच्या प्लांटमध्ये कारकून होतो. लोकांच्या रजेचे अर्ज माझ्या टेबलावरून जात. अर्जावर तारीख नसली की परत, सही नसली की परत, वरच्या साहेबांमार्फत आला नसला की परत. आई वारली म्हणून सांगत माणूस समोर उभा असला तरी मी म्हणायचो, ‘थ्रू प्रॉपर चॅनल’ लिहून आणा. लोक मला मागे काय म्हणायचे ते मला ठाऊक होतं, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमान वाटायचा. घरी आल्यावर हेच मी धाकट्याला शिकवलं. अर्ज कसा लिहायचा, विषय एका ओळीत कसा बसवायचा, संदर्भ कुठे टाकायचा, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीपासून हलायचं नाही. तो माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. त्यानं ते मन लावून शिकून घेतलं आणि भलत्याच कामाला लावलं.

आधी तो एका खाजगी शाळेत गणित शिकवायचा. मग भिलाईतल्याच सुपेल्यात, मोटर-वाइंडिंगच्या दुकानावर एक खोली घेऊन राहू लागला आणि शाळा सोडली. लग्न केलं नाही. त्या खोलीत आजूबाजूच्या गावांकडची माणसं यायची. कुणाचा नवरा पोलिसांनी उचलून नेलेला, कुणाचा बाप सहा महिने आत. धाकटा त्यांना वकील गाठून द्यायचा, पण त्याचं खरं काम वेगळं होतं. आतला माणूस आजारी आहे का, त्याचं औषध त्याला मिळतं का, याच्या तो मागे लागायचा. समोर बसलेल्या बाईला त्याचे तीनच प्रश्न असत. बीमारी काय? दवा कोणती? कागद कुठाय? कागद नसेल तर तो चिडायचा. म्हणायचा, आत गेलेल्या माणसाचं पोट दुखतं हे त्याच्या तोंडचं कुणी ऐकत नाही, कागदाचं ऐकतात. बीमार माणसाचा कागद शेजाऱ्याकडे ठेवत जा, घरात ठेवू नका, घराची झडती होते.

लोकांना इतकं शहाणपण सांगणाऱ्या माणसाचा स्वतःचा कागद नव्हता. तो माझ्या कपाटात होता, आणि त्यावर माझं नाव होतं.

आमच्या घराण्यात काचबिंदू आहे. आमचे वडील वर्ध्याकडून इथे नोकरीला आले, सेक्टरातल्या क्वार्टरमध्ये आयुष्य काढलं आणि शेवटची सहा वर्षं आंधळे होऊन गेले. काचबिंदू दुखत नाही. लालही होत नाही. आधी कडेकडेचं जातं, समोरचं शेवटपर्यंत दिसत राहतं, त्यामुळे माणसाला वाटतं आपलं सगळं ठीक आहे. बाबा शेवटी शेवटी कोंबडीसारखी मान वळवून एका डोळ्यानं बघायचे, आणि आम्ही मुलं त्याला हसायचो. गेलेली नजर परत येत नाही. पण सकाळ-संध्याकाळ थेंब टाकत राहिलं, एकही वेळ चुकवली नाही, तर राहिलेली राहते. एवढं साधं आहे ते.

माझा काचबिंदू प्लांटच्या दवाखान्यात सापडला. तिथे प्लांटच्या माणसाला आणि त्याच्या बायकोला, लहान मुलांना, आईबापांना औषध फुकट. त्यासाठी मेडिकल बुक असतं. निवृत्त झाल्यावरही ते चालू राहतं. सख्खा भाऊ मात्र त्यात बसत नाही. पण टाउनशिपमध्ये ज्याच्या घरी बुक, त्याच्या घरी अख्ख्या खानदानाचा इलाज, ही आमची जुनी रीत. मेहुण्याचा खोकला, भाच्याची खरूज, सासऱ्याचं बीपी, सगळं एकाच माणसाला झालेलं असायचं. एकेका बुकात माणसाला इतके रोग की तो जिवंत कसा, हाच चमत्कार. आम्ही यावर हसायचो. याला चोरी म्हणतात असं कुणाच्या मनातही येत नसे.

धाकट्याचे डोळे मीच नेऊन दाखवले, माझ्या नावावर. बुकावरचा फोटो जुना, काळा-पांढरा; आम्हा दोघांचंही नाक बाबांचं. एक महिना मी जायचो, एक महिना तो. त्याच्या डोळ्यातलं प्रेशर माझ्यापेक्षा बरंच जास्त होतं. डॉक्टर बिचारा बुक उलटंपालटं करून म्हणायचा, “कभी इतना अच्छा, कभी इतना खराब! आप दवा ठीक से डालते नहीं हैं.” मग माझा महिना आला की मीच खाली मान घालून बोलणी खायचो. बाटली महिन्याला एक मिळायची आणि लागायच्या दोन, म्हणून पंधरा दिवसांनी जाऊन ‘सांडली’ म्हणून सांगायचं. नऊ वर्षांत माझ्या हातून इतक्या बाटल्या सांडल्या की खिडकीवरचा माणूस मला लकवा झालाय का असं विचारू लागला होता.

संध्याकाळी सातला धाकट्याचा फोन यायचा. बोलणं काही नसायचं. तो म्हणायचा, “टाकले का तुह्या डोळ्यात?” मी म्हणायचो, “टाकले. तुह्या?” तो म्हणायचा, “टाकून राहिलो.” झालं. नऊ वर्षं आमचं बोलणं मुख्यतः एवढंच होतं, आणि ते मला पुरत होतं.

आषाढात एका सकाळी मोटर-वाइंडिंगवाल्याचा फोन आला. म्हणाला, “बाबूजी, सर को ले गए.” मी नेहरूनगरच्या माझ्या घरून सुपेल्याला पोचेपर्यंत खोलीत कुणी नव्हतं. कपाट उघडं, गादी उलटी, कागदाचा एक कपटाही शिल्लक नाही. आजारी कैद्यांची यादी त्यानं एका रजिस्टरात लिहून ठेवलेली असायची, कोणाला टीबी, कोणाला मिरगी, कोणाची दवा कधी संपते. तीही नेली. पुढे पंचनाम्यात तिचं नाव ‘आपत्तिजनक दस्तावेज’, म्हणजे आक्षेपार्ह कागद, असं आलं. खिडकीत माठाला टेकून डोळ्यांच्या थेंबांची बाटली उभी होती, अर्धी भरलेली. ती त्यांनी नेली नव्हती. मी खिशात घातली.

त्याच्यावर कोणती कलमं लावली ते इथे लिहीत नाही. इथल्या आमच्या मराठी मंडळातल्या लोकांना ती माझ्याआधी पाठ झाली होती. दर वर्षी गणपतीच्या सभेत मागच्या सभेचं इतिवृत्त मी वाचतो. त्या वर्षी सभेचा निरोपच आला नाही. नंतर रस्त्यात भेटले की म्हणायचे, तुम्हाला कशाला त्रास द्यायचा म्हटलं. मी म्हणायचो, बरं केलं. ज्यांच्या पोरांची रजा मी वेळेला मंजूर करून दिली होती त्यांची तोंडं बघून घेतली.

आठवड्यानं पहिली मुलाकात मिळाली. जेल दुसऱ्या गावात, बसनं दोन तास. मी पिशवीत केळी, बनियन आणि ती बाटली घेतली. दारावरच्या शिपायानं केळी आत जाऊ दिली, बाटली परत दिली. “बाहर की दवाई नहीं चलेगी. डॉक्टर साहब लिखेंगे तब.” मी विचारलं, डॉक्टर साहेब कधी लिहितील? तो म्हणाला, कागज दिखाओ तो लिखेंगे. कुठला कागद दाखवणार? बाटलीवर माझ्या बुकाचा नंबर.

जाळीच्या पलीकडे धाकटा आला. दाढी वाढलेली, बाकी ठीक. मला पाहून म्हणाला, “भाऊ, बस भेटली का सकाळची?” आणि मागचा शिपाई ओरडला, “हिंदी में बोलो! यहाँ जो बोलना है हिंदी में.” आम्ही दोघं भाऊ जन्मात पहिल्यांदा एकमेकांशी हिंदीत बोललो. तो मला ‘आप’ म्हणाला. “आपने दवा डाली, भैया?” मी म्हणालो, “डाली. तुमको मिल रही है?” तो म्हणाला, “डॉक्टर से बोला है.” त्या हिंदीत तो कुणी परका माणूस वाटत होता, आणि मीही त्याला तसाच वाटलो असेन. वीस मिनिटं म्हणाले होते, बारा मिनिटांत उठवलं.

घरी येऊन मी अर्ज लिहिला. आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज तपासले, हा माझा पहिलाच. प्रति, जेल अधीक्षक. विषय, विचाराधीन बंदी को नेत्र की औषधि उपलब्ध कराने बाबत, म्हणजे कच्च्या कैद्याला डोळ्यांचं औषध मिळण्याबद्दल. सात मुद्दे, सगळे क्रमानं. कलेक्टरला प्रत, आरोग्य खात्याला प्रत. पोच घेतली, गोल शिक्का नीट उमटला होता. खोटं वाटेल, पण त्या दिवशी बसमध्ये मला समाधान वाटत होतं. पंधरा दिवसांनी स्मरणपत्र क्रमांक एक. आणखी पंधरा दिवसांनी स्मरणपत्र क्रमांक दोन, मागील पत्राच्या संदर्भासह. धाकटा आत बसला होता, त्याच्या डोळ्यांत थेंब नव्हता, आणि मी बाहेर संदर्भ क्रमांक टाकत होतो.

उत्तर आलं ते तीन ओळींचं. बंदी प्रतिदिन समाचार पत्र पढ़ता है. दृष्टि सामान्य है. पूर्व उपचार का कोई अभिलेख प्रस्तुत नहीं किया गया. मी ते वाचून टेबलावर आपटलं. पेपर तर बाबाही वाचायचे! दाराची चौकट कपाळाला लागून रक्त यायचं आणि त्याच दिवशी ते पेपर वाचत असायचे. पण हे त्या डॉक्टरला कोण सांगणार? आणि तिसरी ओळ, आधीच्या इलाजाचा कागद नाही, ती तर खरीच होती.

त्याचा वकील दुर्गचा, मध्यमवयीन, कमी बोलणारा माणूस. श्रावणातल्या एका दुपारी त्याच्या ऑफिसात मी बुक नेऊन दाखवलं आणि सगळं सांगितलं. त्यानं पानं उलटली. हसला नाही. म्हणाला, “भाईसाहब, नाम आपका है, आँख उनकी है. आप शपथपत्र दे दीजिए कि इन-इन तारीखों का मरीज़ आपका भाई था. यही एक कागज है हमारे पास. कोर्ट जाँच का आदेश दे देगा.” मी विचारलं, आणि माझं काय होईल? त्यानं खांदे उडवले. म्हणाला, “पूछेंगे तो गलती मान लीजिएगा. ज़्यादा से ज़्यादा बुक जाएगी.”

ज़्यादा से ज़्यादा बुक जाएगी. तो सहज बोलून गेला. माझ्या बायकोच्या हृदयाची एक झडप बदललेली आहे, ती ह्याच बुकावर. दर तीन महिन्यांनी तपासणी, रोजच्या पाच गोळ्या, त्यातली एक तर रक्त पातळ करणारी, तिचा डोस जरा इकडेतिकडे झाला की माणूस जातो. बुक गेलं तर हे सगळं बाहेर करायचं. आणि दुसरीही भीती होती, ती सांगायला मला आज जास्त लाज वाटते. पस्तीस वर्षं ज्यानं लोकांचे अर्ज एका सहीसाठी परत केले, त्या माणसानं शपथेवर लिहून द्यायचं की मी दवाखान्याला नऊ वर्षं फसवलं. टाउनशिपमध्ये ही बातमी कुणाला सांगावी लागली नसती, ती आपोआप पोचली असती.

मी वकिलाला म्हणालो, सोच के बताता हूँ.

मग मी विचार करू लागलो. आधी ठरवलं, स्मरणपत्र क्रमांक तीन पाठवू, त्याचं उत्तर येऊ दे. ते आलं नाही. तेवढ्यात पितृपक्ष लागला. बायको म्हणते पितृपक्षात नवं काही करू नये. एरवी मी तिच्या ह्या गोष्टींना हसतो, त्या वर्षी मला तिचं पटलं. मग नवरात्र. मग कोर्टाला दसऱ्याची सुट्टी. मग म्हटलं, हिची कार्तिकातली तपासणी होऊन जाऊ दे, तीन महिन्यांच्या गोळ्या हातात पडू दे, मग काय व्हायचं ते होवो. वकिलानं मधे दोनदा फोन केला. दुसऱ्यांदा नुसतं एवढंच म्हणाला, “सोच लिया?” त्यानंतर त्यानं विचारलं नाही. त्याचं विचारणं थांबलं याचं मला बरंच वाटलं.

मी दर मुलाकातीला मात्र जात होतो. बस पकडून, केळी घेऊन, न चुकता. धाकटा दर वेळी तेच विचारायचा. आपने दवा डाली? मी म्हणायचो, डाली. मी विचारायचो, तुमको मिली? तो म्हणायचा, लिखने वाले हैं. आणि मग आम्ही हवापाण्याचं बोलायचो. त्याच्याकडे पाहून मला वाटायचं, ठीक तर आहे. पेपर वाचतो. म्हणजे मीही त्या जेलच्या डॉक्टरसारखाच विचार करू लागलो होतो, आणि तो तरी बिचारा काचबिंदूच्या घरात जन्मला नव्हता.

दिवाळी झाली. बायकोच्या गोळ्या कपाटात आल्या. भाऊबीजेनंतरच्या मुलाकातीला मी जाळीपाशी त्याच्या उजव्या हाताला येईल असा उभा होतो, कारण दुसऱ्या बाजूला दुसऱ्या कैद्याची माणसं होती. धाकटा आत आला, समोर उभा राहिला आणि शिपायाला म्हणाला, “मेरे भैया नहीं आए क्या?” मी त्याच्यापासून हातभर अंतरावर होतो. मी हाक मारली. आणि त्यानं कोंबडीसारखी मान वळवली, पूर्ण, डाव्या डोळ्यावर मला घ्यायला.

मी मराठीत ओरडलो. “कधीपासून? कधीपासून असं पाहून राहिला तू?” शिपाई म्हणाला, हिंदी, हिंदी. मी त्याला काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यानं मला बाहेर काढलं. धाकटा मागून म्हणत होता, “भाऊ, जाऊ दे. जाऊ दे, भाऊ.”

त्या दिवशी मी घरी न जाता सरळ वकिलाकडे गेलो. शपथपत्र तयार व्हायला चाळीस मिनिटं लागली. दीड पान. मी माझ्या नावाखाली सही केली, नोटरीनं शिक्का मारला, झालं. श्रावणापासून जे काम मला डोंगराएवढं वाटत होतं ते बसच्या प्रवासापेक्षा लहान निघालं. घरी आल्यावर बायकोला सांगितलं. श्रावणातच वकिलानं मागितलं होतं, हेही सांगितलं, तिच्या गोळ्यांसाठी थांबलो हेही. तिनं पोळ्या लाटणं थांबवलं.

“मले इचारलं होतं तुमी?” ती म्हणाली. “माह्या नावावर कावून ठेवता हे? तुमाले भेव वाटत होतं, तं तुमाले भेव वाटत होतं म्हणा ना. माह्या गोळ्या कायले मधात आणता?”

लग्नाला एवढी वर्षं झाली, पण ती इतकं खरं कधी बोलली नव्हती. त्यानंतर बरेच दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

कोर्टानं तपासणीचा आदेश दिला. तो जेलपर्यंत पोचायला वेळ लागला. मग सोबत न्यायला पोलिसांचा गारद नाही म्हणून एक तारीख गेली, गाडी नाही म्हणून दुसरी. शेवटी त्याला हातकडी घालून मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. उजवा डोळा गेला. डाव्यात मधोमध थोडं शिल्लक आहे, थाळीएवढं. तिथल्या डॉक्टरणीनं लिहिलं की औषध बंद पडल्यानं हे झालं. थेंब सुरू झाले. त्या कागदाच्या जोरावर वकील भांडत राहिला, आणि उन्हाळा लागता लागता जामीन झाला. केस चालूच आहे. दर तारखेला मी त्याचा हात धरून नेतो.

माझ्या शपथपत्राचं काय झालं, तेही सांगतो. काही झालं नाही. मी रोज सकाळी फाटकावरची टपालपेटी उघडून पाहायचो, दवाखान्याची नोटीस आली का म्हणून. आली नाही. बायकोची माघातली तपासणी नेहमीसारखी झाली. खिडकीवरच्या माणसानं शिक्का मारला, गोळ्या दिल्या आणि मला म्हणाला, “बहुत दिन से आपकी बोतल नहीं गिरी.” माझा कबुलीजबाब कोर्टाच्या फाइलीत कुठेतरी आहे. विरुद्ध बाजूच्या वकिलानंही त्यावर एक प्रश्न विचारला नाही. मी ज्या कागदाला इतके महिने भीत बसलो तो कुणी धड वाचलाही नाही.

धाकटा आता आमच्याकडे नेहरूनगरलाच असतो. सुपेल्याची खोली सोडली. तो जिना त्याला उतरता येत नाही. गावाकडची माणसं आता इथे येतात. हॉलमध्ये बसतात, बायको चहा करते. तो तेच तीन प्रश्न विचारतो. अर्ज आता मी लिहितो, तो सांगतो. माझ्या वाक्यात ‘कृपया’ फार येतं म्हणून रागावतो. शेजारच्यांनी एकदा मला विचारलं की ही गर्दी किती दिवस चालणार. मी म्हटलं, जेल आहे तोवर.

घरी आल्यावर महिनाभर मी त्याला काही बोललो नव्हतो. मग एका संध्याकाळी चहा पिताना सांगून टाकलं.

“वकिलानं मले श्रावणातच कागद मांगतला होता. मी दिवाळी होऊ देल्ली.”

तो बशीत चहा ओतत होता. बशी भरल्याचं त्याला बोट लावून कळतं. म्हणाला, “माहीत आहे मले.”

“कोणं सांगतलं?”

“वकिलानं. तवाच, श्रावणातल्याच तारखेले. मीच म्हटलं त्यायले, भाऊच्या मांगं लागू नका. वहिनीची दवा त्याच बुकावर आहे.”

मला राग आला. लाज वाटायला हवी होती, आला राग. मी म्हणालो, “तुहा डोळा जाते हे तुले समजत नोहतं का? लोकायसाठी जेलरच्या छातीवर बसत होता ना तू? सोतासाठी तोंड शिवलं होतं का?”

“डॉक्टरले रोज सांगतलं मी. लेखी देल्लं चारदा. त्याइनं ठेवून घेतलं.” मग म्हणाला, “तुह्या मांगं लागू नका म्हटलं मी. वाट तं पाहिलीच. दर मुलाकातीले वाटे, आज भाऊ म्हणन, देल्ला कागद.”

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मी भांडलो असतो. त्यानं बशी तोंडाला लावली आणि मी खिडकीतून हायवेवरच्या ट्रकांकडे बघत बसलो. दर आठवड्याला जाळीपलीकडून तो माझ्या तोंडाकडे काय बघत होता, ते मला त्या दिवशी कळलं. मी त्याला केळी मिळाली का विचारत होतो.

सात वाजले. मी फ्रिजमधून बाटल्या आणल्या. आता दोन आहेत, एक माझ्या बुकावरची आणि एक सरकारी दवाखान्याची, तिच्यावर त्याचं नाव. त्यानं मान मागे टाकली. डाव्या डोळ्यात मी एक थेंब टाकला. मी बाटली बंद करायला लागलो तेव्हा त्यानं उजवा डोळाही बोटांनी उघडून धरला.

“त्यात कायले?” मी म्हणालो. “डॉक्टरीण म्हणते, त्याचा काही फायदा नाही.”

“टाक ना. सवय आहे.”

मी टाकला. त्यानं डोळे मिटले, पुसले, आणि मिटल्या डोळ्यांनीच नेहमीचं विचारलं.

“तुह्या डोळ्यात टाकले का?”

मी म्हणालो, टाकले. ते खरंच होतं. तो आत होता त्या सगळ्या महिन्यांत सकाळ-संध्याकाळ माझा एकही थेंब चुकला नव्हता.